‘म्हणजे काय?’ विचारणारी मुलं

आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. देवापुढे नारळ फोडत नाहीत, तोही ‘वाढवतात’. घाटातल्या वळणांनी एखादीला मळमळायला लागलं तर तिला ‘गाडी लागली’. वर्गात बडबडणाऱ्या मुलाला गुरुजी डोळे वटारून म्हणतात, ‘बोल, अजून बोल!’ आणि त्याचा अर्थ असतो, आता एक शब्दही काढू नकोस.

मराठी घरात वाढणाऱ्या बहुतेक मुलांना हे कुणी समोर बसवून शिकवत नाही. आवाजाचा चढउतार, समोरच्याचा चेहरा, प्रसंग, मागच्या वेळी काय झालं होतं याची आठवण, या सगळ्यांतून अर्थ आपोआप जमा होत जातो. काही मुलांच्या बाबतीत तो तसा जमा होत नाही. मामा ‘येतो’ म्हणून गेला की ती दाराशी उभी राहतात आणि तो परतला नाही म्हणून रडतात. आजीच्या पोटात कावळे ओरडतायत हे ऐकून घाबरतात. गुरुजींनी ‘अजून बोल’ म्हटलं म्हणून खरोखरच बोलत राहतात आणि शिक्षा भोगतात. शिक्षा कशाबद्दल झाली हे त्यांना कळत नाही, आणि मूल उद्धट नाही हे गुरुजींच्या लक्षात येत नाही.

यांत स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली मुलं असतात. बौद्धिक अक्षमता असलेली असतात. ऐकू नीट येतं, बुद्धीही वयाप्रमाणे असते, पण भाषाच उशिरा आणि कष्टाने येते, अशीही असतात. अध्ययन अक्षमतेमुळे वाचनात अडखळणारी असतात. प्रत्येकाच्या अडचणीचं मूळ वेगळं, पण परिणाम एकच: बोलणं ऐकू येतं, शब्द ओळखीचे असतात, आणि तरी बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते हाती लागत नाही.

म्हणी, वाक्प्रचार, उपमा, रूपकं आणि टोमणे यांना आपण भाषेचे अलंकार म्हणतो. अलंकार म्हटलं की ते आधी पोटापाण्याचं झाल्यावर घालायचे, असा समज होतो. ‘मुलाला दोन शब्द धड बोलू द्या, म्हणींचं मग बघू,’ असं पालकही म्हणतात आणि काही वेळा शिक्षकही. मला हा क्रम मान्य नाही. आपल्या रोजच्या बोलण्यातला आग्रह, राग, माया, नकार आणि थट्टा यांतलं पुष्कळसं आडवळणाने येतं. ते आडवळण ज्याला दिसत नाही, तो मूल म्हणून खेळातून बाहेर पडतो आणि मोठा झाल्यावर कामावरून. हे वळण शिकवता येतं. शिकवण्याची सर्वांत योग्य जागा मुलाचं स्वतःचं घर आहे, आणि मोबाइलच्या पडद्यावरून चालणाऱ्या थेरपीने ते घर थेरपिस्टसमोर उघडं केलं, हे तिचं सर्वांत मोठं देणं आहे.

लांबच लांब जिल्हा

घरी पोचणाऱ्या थेरपीची गरज कळायला एक जिल्हा पाहू. अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या. एका टोकाला अकोले तालुक्याचे डोंगर आणि कळसूबाई, दुसऱ्या टोकाला जामखेड, कर्जतचा अवर्षणाचा पट्टा, मध्ये प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरहून लांब. पुणं किंवा नाशिक गाठायचं तरी दिवस मोडतो.

स्पीच थेरपीचं काम महिन्यातून एकदा तपासून औषध लिहून देण्यासारखं नसतं. आठवड्यातून एकदा-दोनदा, महिनोन्महिने, मुलाशी बोलावं लागतं. पहाटेची एसटी, आईची बुडालेली मजुरी, धाकट्या भावंडाची सोय, आणि पाऊण तासाच्या वर्गासाठी पाच-सहा तासांचा प्रवास. त्यातून गोंगाटाने आणि गर्दीने बिथरणारं मूल असेल तर ते थेरपिस्टच्या खोलीत पोचेपर्यंतच दमलेलं असतं. असे उपचार दोन-तीन महिन्यांत सुटले तर दोष आईवडिलांच्या चिकाटीला देता येत नाही.

दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं गळीत हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहतात. मूल सोबत गेलं तर शाळा तुटते, गावी आजीजवळ ठेवलं तर आई तुटते. दवाखान्याला बांधलेली थेरपी इथे टिकत नाही. आईच्या हातातल्या फोनवर चालणारी थेरपी निदान टिकण्याची शक्यता तरी असते.

प्रश्न किती मुलांचा आहे? भारतातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. त्यांत उत्तर गोवाही होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, बोलण्या-भाषेच्या अडचणी, ऐकण्या-पाहण्यातले दोष, अपस्मार अशा नऊ स्थितींपैकी किमान एक साधारण दर आठ मुलांमागे एकात आढळते. चाळीस मुलांच्या वर्गात अशी पाच मुलं. सगळ्यांना लाक्षणिक भाषेचीच अडचण असते असं नाही. पण ज्यांना असते, ती आपल्या आसपास आहेत, एवढं यातून नक्की कळतं.

अर्थ कुठे अडतो

एक गोष्ट आधी सांगायला हवी. चार-पाच वर्षांचं कुठलंही मूल वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेतं. वाक्प्रचारांची समज शाळेच्या वयात हळूहळू वाढते आणि किशोरवयापर्यंत वाढत राहते. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाने ‘डोळ्यांत तेल घालून’ ऐकून डोळे झाकले, म्हणून कुणी ऑटिझमची धास्ती घेऊ नये. वय वाढलं, बरोबरीची मुलं पुढे गेली आणि हे मूल मात्र प्रत्येक वळणावर अडतंय, असं दिसलं की मग तपासणी करावी.

१९९३ साली लंडनच्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का हॅपे यांनी स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत तीन पायऱ्या मांडल्या. उपमा सर्वांत सोपी, कारण ‘सारखा’ हा शब्द वाट दाखवतो. रूपक कठीण, कारण तिथे बोलणाऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज लागतो. उपरोध त्याहून कठीण, कारण बोलणारा शब्दांच्या उलट विचार करतोय आणि आपण तो ओळखावा अशी त्याची अपेक्षाही आहे, अशी दुहेरी गाठ सोडवावी लागते. दुसऱ्याचं मन वाचण्याची क्षमता हा या मांडणीचा कणा होता.

पुढे कोर्टने नॉरबरी यांनी २००५ मध्ये दाखवलं, की रूपक समजण्याचा संबंध मुलाच्या एकूण भाषेशी, शब्दांच्या अर्थाच्या जाणिवेशी, फार घट्ट आहे. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून झालेल्या विश्लेषणातही तेच पुढे आलं: ज्या स्वमग्न मुलांची भाषा पक्की, त्यांची लाक्षणिक भाषेतली अडचण बरीच कमी.

हा विद्वानांचा वाद वाटला तरी त्याचा थेट उपयोग आहे. ‘या मुलाला दुसऱ्याचं मन कळतच नाही’ असं एकदा मानलं की हात टेकावे लागतात. भाषा पक्की करण्याचं काम मात्र उद्या सकाळपासून सुरू करता येतं. ज्याला ‘खडा’ माहीत नाही त्याला ‘कानाला खडा लावणे’ कसं कळणार? ज्याने मुसळ पाहिलेलंच नाही त्याला मुसळधार पाऊस म्हणजे फक्त एक लांबलचक शब्द. म्हणून चांगला थेरपिस्ट वाक्प्रचाराला हात घालण्याआधी ऐकण्याची तपासणी झाली आहे ना हे पाहतो, साध्या शब्दांचा साठा मोजतो, चेहऱ्यावरचा राग आणि थट्टा मुलाला वेगळी ओळखता येते का हे बघतो.

‘डोकं खाऊ नको’: एक धडा

हे काम कसं चालतं ते दिसावं म्हणून एक उदाहरण कल्पूया. शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला नऊ वर्षांचा मुलगा. बोलतो, वाचतो, हिशेब पक्का. ऑटिझमचं निदान झालेलं. थेरपिस्ट पुण्यात. आईकडे एक फोन, तो स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्याला टेकवून ठेवलेला.

पहिलं काम आईचं. आठवडाभर ती एका वहीत लिहून ठेवते, मूल कुठल्या बोलण्याला अडलं. कोण बोललं, कुठे, आणि मुलाने काय केलं. या वहीचं मोल छापील यादीपेक्षा कितीतरी जास्त असतं, कारण यादीत भाषेच्या पुस्तकातल्या म्हणी असतात आणि वहीत त्या घराचं बोलणं. समजा वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलंय: ‘माझं डोकं खाऊ नको.’ आई हे दिवसातून चारदा म्हणते आणि मुलगा दर वेळी सांगतो, ‘मी खात नाहीये.’ आईला वाटतं उलट उत्तर देतोय. तो खरं सांगत असतो.

वर्गात थेरपिस्ट पडद्यावर दोन चित्रं ठेवते. एकात एक मुलगा खरोखर डोक्याला दात लावतोय. दुसऱ्यात आई भाकरी थापतेय आणि मुलगा तिचा पदर ओढत तोच प्रश्न पुन्हा विचारतोय. पहिल्या चित्रावर मूल हसतं, तर त्याला पोटभर हसू द्यायचं. शब्दशः अर्थ दाबून टाकायचा नसतो. तो डोळ्यांपुढे ठेवून विचारायचं: असं खरंच होऊ शकतं का? नाही. मग आई तेव्हा काय करत होती? तिचा चेहरा कसा होता? तू काय विचारत होतास? किती वेळा? मग आईला काय हवं असेल?

या प्रश्नांचा क्रम हाच खरा धडा. ‘डोकं खाणे म्हणजे त्रास देणे’ असं पाठ करून घेतलं तर मुलाच्या हाती एक वाक्प्रचार येतो. थांबायचं, हे खरं असू शकतं का ते पाहायचं, कोण-कुठे-कसं बोलतंय ते बघायचं आणि मग अंदाज करायचा, ही रीत शिकवली तर न शिकवलेले वाक्प्रचारही त्याला उलगडता येतात.

यासाठी एकच वाक्प्रचार अनेक प्रसंगांत ठेवावा लागतो. आजोबा रेडिओवर बातम्या ऐकतायत आणि नातू मध्ये मध्ये विचारतोय. एसटीत प्रवासी कंडक्टरला दहाव्यांदा स्टॉप विचारतोय. ताई अभ्यास करतेय. मग भूमिका उलटवायच्या: धाकटा भाऊ खोड्या काढतो आणि आपला मुलगा म्हणतो, ‘डोकं खाऊ नको रे.’ आजी मुद्दाम फोनसमोर येऊन बसते आणि तेच बोलते, कारण मुलाला ते आजीच्या आवाजातही ओळखता यायला हवं. आठवडाभर आईने ते प्रसंग आला की शांत आवाजात वापरायचं आणि दोन क्षण थांबायचं, मुलाला अर्थ लावायला सवड द्यायची.

महिन्याभराने परीक्षा होते ती वेगळ्याच बोलण्यावर. मराठीत आपण काय काय खातो! मार खातो, शपथ खातो, हवा खातो, लाचखोर पैसे खातो, गर्विष्ठ माणूस भाव खातो. थेरपिस्ट न शिकवलेलं एक वाक्य टाकते: ‘या कामाने आख्खा दिवस खाल्ला.’ मूल थांबलं, म्हणालं, ‘कामाला तोंड नसतं,’ आणि मग हळूच, ‘वेळ संपला?’ तर समजावं की रीत रुजली.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन स्वमग्न मुलांना पुष्कळ उदाहरणांतून रूपकं उलगडायला शिकवलं. मुलं कधी न ऐकलेल्या रूपकांचाही अर्थ लावू लागली. प्रयोग लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. त्याच्या आदल्या वर्षी इस्रायलमध्ये निरा मशाल आणि अनत कसिरेर यांनी विचारांचे नकाशे वापरले. ‘आजी या घराचा खांब आहे’ हे वाक्य घ्या. एका वर्तुळात खांबाचे गुण लिहायचे: उंच, लाकडी, न हलणारा, छप्पर पेलणारा. दुसऱ्यात आजीचे. मग रेघा ओढायच्या. उंच जुळत नाही, लाकडी जुळत नाही, पेलणारा जुळतो. डोळ्यांनी विचार करणाऱ्या मुलाला हा कागद फार उपयोगी पडतो, आणि तो पडद्यावर दोघांनी मिळून काढता येतो. कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या चित्रसंवादांत काड्यांची माणसं काढून एका फुग्यात ‘काय बोलला’ आणि दुसऱ्यात ‘मनात काय होतं’ हे लिहितात. ‘बोल, अजून बोल’ समजावायला याहून सोपं साधन मला माहीत नाही.

टोमणे सर्वांत शेवटी घ्यावेत. मात्र ते वगळू नयेत, कारण शाळेच्या मैदानावर या मुलांना सर्वांत जास्त जखमा त्यांनीच होतात. ‘वा, काय हुशार आहेस!’ हे कौतुक की चेष्टा, हे ओळखता आलं तर मूल स्वतःचा बचाव करू शकतं.

नेवाशाची रीत

या कामासाठी परदेशी साहित्य पुष्कळ मिळतं आणि तेच भाषांतरित करून वापरण्याचा मोह होतो. इंग्रजी वर्कशीटवर पावसातून मांजरं-कुत्री पडतात. नगरच्या मुलाला ते शिकवून काय साधणार? त्याला ‘दुरून डोंगर साजरे’ हवंय, कारण त्याच्या दारातून डोंगर दिसतो. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ हवंय, कारण त्याने ऊस दातांनी सोलला आहे. ज्या वस्तूला हात लागलेला असतो तिथून रूपकाकडे जाणं सोपं असतं. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन खंडांचा आहे. मराठी थेरपिस्टला साहित्याची वाण पडण्याचं कारण नाही.

अमूर्त गोष्ट ओळखीच्या वस्तूतून समजावण्याची परंपरा तर याच जिल्ह्यात मोठी झाली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीतेवरची टीका सांगितली. समोर साधी माणसं होती आणि विषय अत्यंत सूक्ष्म. ज्ञानेश्वर एका दृष्टांतावर थांबत नाहीत. एकाच अर्थासाठी पाण्याचा, दिव्याचा, आईचा, बीजाचा असे दृष्टांतामागून दृष्टांत देतात. एकाने नाही कळलं तर दुसऱ्याने कळेल, आणि सगळ्यांत समान काय ते श्रोत्याच्या मनात आपोआप वर येईल. पुष्कळ उदाहरणांतून नियम उमजू द्यावा, हे तत्त्व त्या २०१२ च्या प्रयोगातही होतं.

त्याहून नेटकी चौकट महानुभाव पंथाची. श्रीरामपूर तालुक्यातलं गोदाकाठचं डोमेग्राम हे चक्रधरांच्या वास्तव्याने पावन मानलेलं स्थान. चक्रधरांचे दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, ११४ दृष्टांत. प्रत्येकाचे तीन भाग: आधी सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कुणाला लागू पडतं याची उकल. वाक्प्रचार, प्रसंग, आणि ‘तुझ्या घरात हे कधी घडलं?’ अशी ऑनलाइन वर्गाची बांधणी केली तर ती याहून फार वेगळी होत नाही. मराठी विशेष शिक्षकाने हे तीन टप्पे अभिमानाने वापरावेत.

बोलीचंही भान हवं. अकोल्याच्या ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं बोलणं, जामखेडकडचं मराठवाड्याच्या वळणाचं बोलणं आणि पुण्यातल्या थेरपिस्टचं बोलणं एक नसतं. दवाखान्यात मूल थेरपिस्टच्या भाषेत शिकतं. पडद्यावर आजी, आजोबा, चुलते सगळे जवळ असतात. शहाण्या थेरपिस्टने त्यांना विचारावं, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’

आईच्या हाती विद्या

दूरस्थ स्पीच थेरपीची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २००५ मध्येच ती उपचाराची योग्य पद्धत म्हणून मान्य केली होती. आपल्याकडे मार्च २०२० च्या टाळेबंदीने ती घराघरांत पोचवली. नाइलाजाने सुरू झालेल्या गोष्टीतून एक सत्य हाती लागलं: आई वर्गाच्या दाराबाहेर बाकावर बसलेली नसते, वर्गातच असते. थेरपिस्ट कसं विचारते, कुठे थांबते, चुकीच्या उत्तराला काय म्हणते, हे ती पाहते. उरलेल्या सगळ्या तासांत तीच शिकवणार असते.

आईवडिलांच्या आणि सामान्य कार्यकर्त्यांच्या हाती ही विद्या देता येते का, याचं उत्तर गोव्यात शोधलं गेलं. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यात आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांसह प्रयोग केला. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. काम तज्ज्ञांनी केलं नाही, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी केलं. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रीकरण करायचं, मग दोघांनी मिळून ते पाहायचं आणि मुलाने कुठे हाक दिली, आईने ती कुठे पकडली, हे शोधायचं. आईवडिलांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. प्रत्येक बाबतीत लाभ दिसला असं नाही, आणि लाक्षणिक भाषा हा त्या प्रयोगाचा विषयही नव्हता. पण तज्ज्ञ कमी आहेत म्हणून मुलांनी वाट पाहत बसावं, हे कारण त्याने खोडून काढलं.

नगर जिल्ह्याला हे नवीन वाटू नये. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्याची विद्या दिली. त्या बाळंतपणं करू लागल्या, कुपोषण ओळखू लागल्या, आणि जामखेडचं नाव जगभर गेलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्याने हे करून दाखवलं, तिथे आशाताईला आणि अंगणवाडीताईला अडलेलं मूल ओळखायला आणि आईला वही लिहायला शिकवणं अशक्य कसं असेल?

उलट्या बाजूचं शहाणपण

या मुलांना रूपक कळतच नाही, असं मानण्याची घाई करू नये. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरून केलं. तीन वर्षांनी त्यांनी या मुलांच्या ‘असंबद्ध आणि रूपकात्मक’ भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यातला एक मुलगा, कुठेही कुत्रा नसताना, कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकू नये अशा अर्थाचं वाक्य बोलायचा. ऐकणाऱ्याला ती निरर्थक बडबड वाटे. आईने आठवून सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी तो हॉटेलच्या गॅलरीतून खेळण्यातलं कुत्रं सारखं खाली टाकत होता आणि ती वैतागून हे म्हणाली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो त्या वाक्याने स्वतःला आवरायचा. ते त्याचं स्वतःचं रूपक होतं. फक्त त्याची किल्ली एका माणसाजवळ होती.

मशाल आणि कसिरेर यांच्या २०१४ च्या अभ्यासात स्वमग्न प्रौढांनी इतरांपेक्षा अधिक नवी, अनोखी रूपकं रचली. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दुतर्फी असतं. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. म्हणून या थेरपीचा हेतू मुलाला ‘आपल्यासारखं’ करणं हा नसावा. त्याला आपल्या बोलण्यातून वाट काढता यावी, हा असावा, आणि त्याच वेळी घराने त्याच्या बोलण्याची वाट शिकावी. मूल टीव्हीवरचं एखादं वाक्य भलत्याच वेळी म्हणत असेल, तर ते प्रथम कधी ऐकलं होतं हे वहीत शोधावं.

अडचणी आणि आधार

पडद्याच्या मर्यादा खऱ्या आहेत. अगदी लहान मुलं, पडद्यासमोर पाच मिनिटंही न टिकणारी मुलं, अजून शब्दच न आलेली मुलं यांना समोरासमोरचा वेळ हवा. अकोल्याच्या डोंगरात रेंज जाते, घरात फोन एकच असतो आणि तो दिवसा वडिलांबरोबर शेतावर असतो. त्यावर उपाय साधे आहेत: संध्याकाळची वेळ, चित्रं आधीच व्हॉट्सअॅपवर, नेट गेलं तर साध्या फोनवर आईशी बोलणं, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेट. मुलाचं चित्रीकरण आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाकडेही जाऊ नये. उपचार देणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नये. ‘तीन महिन्यांत पूर्ण बरा’ अशी हमी देणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा.

हक्कही माहीत असावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, वाचा-भाषा दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत येतात. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेत येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली; अंगणवाडी आणि शाळेत मुलं तपासून पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणं हे त्या पथकांचं काम आहे. हीच साखळी दूरस्थ वर्गाला जोडता येईल: तपासणी गावात, निदान जिल्ह्याला, आठवड्याचा वर्ग घरी.

शाळेने एवढं करावं

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला सांगतात. मुलं अर्थ पाठ करतात, वाक्यही पाठ करतात, गुण मिळतात. या पाठांतराने कुणाचीच समज वाढत नाही, आणि ज्या मुलाला खरी गरज आहे ते पूर्ण गुण मिळवूनही मैदानावर तसंच एकटं राहतं. त्याऐवजी प्रसंग द्यावा, चित्र द्यावं, ‘असं का म्हणाली असेल?’ हे विचारावं. याचा फायदा आख्ख्या वर्गाला होईल. घरी दुसरी बोली बोलणाऱ्या मुलांना विशेष.

सूचना द्यायची असेल तेव्हा शिक्षकांनी आणि घरच्यांनी सरळ बोलावं. ‘अजून बोल’ ऐवजी ‘आता गप्प बस’. ‘येतो’ म्हणून निघालेल्या मामाने पुढे जोडावं, ‘पुढच्या रविवारी.’ रस्ता ओलांडताना, विस्तवाजवळ, औषध देताना आडवळणाची भाषा वापरूच नये. गोष्टीच्या वेळी, जेवणाच्या पंगतीला, अंगणात मात्र म्हणींची रेलचेल असू द्यावी, कारण ऐकल्याशिवाय कुणी शिकत नाही.

आणि मुलाने ‘म्हणजे काय?’ विचारलं तर ते उत्तर मिळण्याइतकंच मोठं यश समजावं. आपल्याला कळलेलं नाही हे त्याला कळलं आणि ते त्याने धीराने विचारलं, हे या थेरपीचं निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं ऐकणाऱ्याचं: न चिडता, न हसता, दुसऱ्या उदाहरणाने, गरज पडली तर दहाव्या उदाहरणाने सांगणं. त्यासाठी पदवी लागत नाही, नेटही लागत नाही, आणि ते आजपासून सुरू करता येतं.